एलपी दुकानात ठेवायची तर जांगड की रोख?

दुकानदार तुम्ही स्वतः काढलेली एलपी, म्हणजे विनाइल रेकॉर्ड, उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "पाच ठेवून जा, विकल्या की पैसे देतो." हा जांगड व्यवहार. हिरेबाजाराला हा शब्द चांगला ओळखीचा आहे. माल दुकानात, मालकी तुमची, न विकलेलं परत. रोखीचा व्यवहार याच्या उलट: भाव कमी, पण पैसे लगेच आणि माल कायमचा गेला.

आकडा मांडून बघा. समजा किंमत २,००० रुपये आणि प्रतीमागे तुमचा खर्च १,१००. रोखीत दुकानाने ४० टक्के कापले तर हातात १,२००. पाच प्रतींचे आजच ६,०००. जांगडवर ७०-३० ठरलं तर प्रतीमागे १,४००: पाचही खपल्या तर ७,०००, चार खपल्या तर ५,६०० आणि एक प्रत परत, तीन खपल्या तर ४,२०० आणि दोन परत. ती परत आलेली प्रत कोरी असेल तर पुढच्या कार्यक्रमात पूर्ण किमतीला जाईल. कोपरा दुमडला असेल तर नाही. आणि जांगडचा वाटा ६०-४० असेल तर तेच १,२०० उशिरा मिळणार. अशा वेळी कुणी रोख देत असेल तर विचार न करता घ्या.

अडचण एवढीच, की नवख्या कलाकाराची एलपी रोखीने घेणारी दुकानं फार थोडी. म्हणून जांगडला माझा विरोध नाही, उलट ओढच आहे. लंडनमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या रफ ट्रेड या दुकानाने स्वतःच्या पैशाने रेकॉर्ड काढणाऱ्या छोट्या बँडना जागा दिली आणि पुढे त्यातूनच त्यांच्या वितरणाची साखळी उभी राहिली. चांगला दुकानदार रेकॉर्ड लावतो, गिऱ्हाईक मान वर करून विचारतं, "हे काय आहे?" हा प्रश्न कुठल्याही जाहिरातीने विकत मिळत नाही. म्हणून पाच विक्रीच्या प्रतींबरोबर एक ऐकवायची प्रत वेगळी द्या, तिचा हिशेब ठेवू नका.

पण जांगड फक्त तिथेच, जिथे तुम्ही महिन्यातून एकदा स्वतः जाऊ शकता. मी एकदा परगावच्या दुकानात दहा प्रती कुरिअरने पाठवल्या. सहा महिने फोनवर "बघतो" ऐकलं, मग दुकानच बंद झालं. मालकी कागदोपत्री माझी होती, पण कागदच नव्हता. परगावी रोख, नाहीतर नको. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आता पायी जाता येईल अशी दुकानं मोजकीच, त्यामुळे ही अट पाळणं अवघडही नाही.

कागद एका पानाचा पुरे: प्रती किती, किंमत, वाटा, हिशेबाची तारीख, आणि चोरी किंवा खराबी झाली तर भरपाई कोणाची. शेवटचा मुद्दा लोक लाजून गाळतात. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर माल डिलिव्हरी चलानावर, म्हणजे माल पाठवल्याच्या कागदावर, द्या. विक्री होईल तेव्हा, किंवा माल पाठवल्यापासून सहा महिने होतील तेव्हा, जे आधी येईल तेव्हा बिल करावं लागतं. म्हणून हिशेबाची मुदत तीन महिन्यांचीच ठेवा.

कार्यक्रमातलं विक्रीचं टेबल आणि बँडकॅम्प (कलाकार आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ) यांत पैसे सर्वांत जास्त सुटतात. बँडकॅम्प वस्तूंवर १० टक्के घेतं, वर पैसे वळवण्याचं शुल्क. पण तिथे येणारा बहुधा तुम्हाला आधीच ओळखत असतो. तीनशे प्रती असतील तर मी दोनशे तिकडे ठेवीन, जवळच्या चार दुकानांत पाच-पाच जांगड देईन आणि उरलेल्या रोखीच्या मागणीसाठी राखीन.

मुंबई-कोकणात असाल तर मे संपायच्या आत न विकलेल्या प्रती घरी आणा. ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवलेलं एलपीचं पुठ्ठ्याचं जॅकेट जुलैपर्यंत बुरशीने डागाळतं आणि तशी एलपी पुन्हा पूर्ण किमतीला कुणी घेत नाही.