रेरा नंबर खरा होता

"रेरा नंबर बघितला नव्हता का?" आमच्या फ्लॅटची गोष्ट ऐकली की प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो. बघितला होता हो. बिल्डरांचे प्रकल्प नोंदवून घेणारं सरकारी प्राधिकरण म्हणजे महारेरा. मी स्वतः मोबाइलवर त्यांच्या साइटवर जाऊन बघितला होता. ठाणे जिल्ह्याचा, पी ५१७ ने सुरू होणारा नंबर, प्रकल्पाचं नाव, बिल्डरचं नाव, सगळं जुळत होतं. नंबर खराच होता. तो मिळवायला महापालिकेची म्हणून जी बांधकाम परवानगी जोडली होती, ती बनावट होती. हे लिहायला बसलेय ते या एका गोष्टीसाठी.

२०२० साल. डोंबिवली पूर्वेला आम्ही भाड्याने राहत होतो. सहा वर्षांत तीन घरं झाली होती. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आम्ही बोचकी बांधायची. मी शीवला एका लॅबमध्ये, नवरा ठाण्यात अकाउंट्सला, दोघांचे मिळून ५२ हजार. मुंबईत घर घेण्याचा विषय आम्ही लग्नाच्या वर्षीच सोडला होता, ठाण्याचा त्यानंतर वर्षभराने. लॉकडाऊनमध्ये एका खोलीत सासू-सासऱ्यांसह चौघं राहिलो आणि ठरवलं, आता काहीही होवो, आपलं घर घ्यायचं.

त्यातच सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं. एजंटच्या तोंडी हेच. "वहिनी, ३१ डिसेंबरच्या आत रजिस्ट्रेशन केलंत तर ८० हजार वाचतात. जानेवारीत मला विचारू नका." घाई करायला ते एवढं पुरलं. सूट खरी होती, तारीखही खरी होती. या प्रकरणात खऱ्या गोष्टी खूप होत्या, म्हणून तर फसलो.

वन बीएचके, ३८० चौरस फूट कार्पेट, २७ लाख. तेवढ्याच घराचे चार गल्ल्या सोडून ३८ सांगत होते. स्वस्त का, असं मी विचारलं होतं. "छोटा बिल्डर आहे, क्लब हाऊस नाही, लिफ्ट एकच." पटलं. आम्हाला क्लब हाऊस कुठे हवं होतं?

साइट ऑफिसात एक जाड फाइल होती, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या कव्हरात. सातबारा, नकाशा, सीसी म्हणजे महापालिकेची बांधकाम परवानगी. सीसीवर गोल शिक्का, निळ्या शाईची सही, जावक क्रमांक. मी तो कागद हातात घेऊन वाचला, अक्षर न् अक्षर. खोटा कागद बघून कळतो हा माझा समज तेव्हा मोडायला हवा होता, पण तो मोडला दोन वर्षांनी.

कर्जासाठी दोन सरकारी बँकांत गेलो. पहिल्यांनी आठवड्यात फाइल परत दिली. दुसऱ्या बँकेतला माणूस भला होता. म्हणाला, "आमच्या वकिलांना परवानगीची पडताळणी मिळत नाहीये, दुसरी बिल्डिंग बघा." यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? पण एजंट म्हणाला, सरकारी बँकांना काम नको असतं, आणि त्याच्या ओळखीच्या एका फायनान्स कंपनीने दहा दिवसांत २० लाख मंजूर केले. सरकारी बँकांचा दर तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास होता, आमचा साडेअकरा. हप्ता २१,३२९. उरलेल्या सात लाखांत माझ्या पाटल्या, नवऱ्याचा पीएफ आणि सासऱ्यांची एफडी गेली. शिवाय 'पार्किंग आणि डेव्हलपमेंट'चे तीन लाख रोख. पावती नाही, बिल्डरच्या डायरीत पेन्सिलीने नोंद. पेन्सिलीने!

२८ डिसेंबरला रजिस्ट्रेशन झालं. अंगठा मशीनवर, फोटो कॅमेऱ्यात, हातात इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा. सासूबाईंनी तो लॅमिनेट करून घेतला. आम्हाला वाटलं, सरकारी ऑफिसात नोंदणी झाली म्हणजे झालं. ती नोंद व्यवहाराची असते. कोणी कोणाला काय विकलं एवढंच त्यात येतं. इमारत अधिकृत आहे की नाही, ते त्यातून ठरत नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगतेय.

२०२१ च्या दसऱ्याला राहायला आलो. ओसी, म्हणजे महापालिकेचा राहायला परवानगी देणारा दाखला, "येतेय" होती. २०२२ मध्ये बातमी फुटली: कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी घेतलेल्या ६५ इमारती, गुन्हे दाखल. यादी व्हॉट्सॲपवर आली. नवरा रात्री दीड वाजता मोबाइलचा टॉर्च लावून फाइलमधलं नाव आणि यादीतलं नाव ताडून बघत होता. दिवा लावायचं सुचलं नाही त्याला.

मग मी करायला हवं होतं ते केलं, दोन वर्षं उशिरा. महापालिकेच्या नगररचना विभागात माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून: अमुक जावक क्रमांकाची, अमुक तारखेची परवानगी आपण दिली आहे का? उत्तर एका ओळीचं आलं. अशी परवानगी दिल्याचं अभिलेखात आढळत नाही.

आता घर बघताय त्यांनी टोकन द्यायच्या आधी हा अर्ज टाका. महिनाभर थांबावं लागेल आणि एजंट तुम्हाला थांबू देणार नाही. तो गेला तर जाऊ दे. सरकारी बँकेने फाइल परत दिली तर कारण विचारून घ्या, आणि ते ऐका. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यात बंदी आहे. रोख दिलेले पैसे तर कुठेच दाखवता येत नाहीत. आमच्या तक्रारीतही २७ लाखच आहेत, ते तीन नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडायचा आदेश दिला. नंतर मोर्चे, आश्वासनं, वकिलाची वर्गणी. फायनान्स कंपनीला यातलं काहीच लागू नाही. दर ५ तारखेला हप्ता जातो, शेवटचा डिसेंबर २०४० मध्ये.

परवा सोसायटीवाले आले होते. सोसायटी नोंदलेली नाही, आम्हीच म्हणतो सोसायटी. गच्ची गळतेय, वॉटरप्रूफिंगचे घरटी चार हजार. पाडायच्या इमारतीची गच्ची. सासरे आतून म्हणाले, "दे गं, पावसाळा तोंडावर आलाय." दिले.