सटायरचा रेडिमेड युनिट पॅक: लिहिण्यासाठी झकास, सादरीकरणात मात्र पाणी

फोंड्याकडच्या एका हायर सेकंडरीत अकरावीला इंग्रजी शिकवते. सटायर, म्हणजे उपरोधातून टीका करणारं लिखाण, शिकवायला यंदा ऑनलाइन एक तयार युनिट पॅक विकत घेतला, अमेरिकेतल्या एका हायस्कूल टीचरने बनवलेला, नाव लिहीत नाही कारण खाली बरंवाईट दोन्ही आहे. वर्कशीट, स्लाइड्स, ग्रुप प्रोजेक्टचं पान, मार्कांचा तक्ता, सगळं एकाच झिपमध्ये मिळतं. पैसे डॉलरमध्ये कापतात, त्यामुळे कार्डावर इंटरनॅशनल चालू करून घ्या. माझ्याकडून साडेतीन स्टार.

पैसे वसूल झाले ते एका पानावर, टार्गेटचं पान. त्यात तीनच प्रश्न आहेत, तुम्ही कोणावर लिहिताय, त्याचं नेमकं काय खटकतं आणि त्याच्या हातात सत्ता किती. दिसायला एकदम साधं. पण आमच्या पोरांना विषय मोकळा सोडला तर काय झालं, एक अख्खा ग्रुप मार्केटात भाजी विकणाऱ्या भायल्यांवर, म्हणजे गोव्याबाहेरून आलेल्यांवर, सुटला, त्यांच्या हिंदीची नक्कल, घाटी-बिटी शब्द, आणि वर्गात हशा पण तसाच. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं पान भरून द्या. तिसऱ्या प्रश्नाशी गाडी अडली. "टीचर, त्याच्याकडे कसली पावर, तो तर भाड्याच्या खोलीत राहतो." बरं मग खोली कोणाची? थोडा वेळ सगळे गप्प, मग एकाने हळूच सांगितलं, आमचीच. आणि त्याच ग्रुपने शेवटी लिहिलं ते एका घरमालकाचं भाषण, जो रोज संध्याकाळी बारवर बसून भायल्यांनी गोवा बुडवला म्हणतो आणि एक तारखेला त्यांच्याच दारात भाड्यासाठी उभा राहतो, आणि त्याला यात काहीच विसंगत वाटत नाही. वर्षातलं सगळ्यात चांगलं लिखाण ते. टिंगल आणि सटायर यातला फरक मी लेक्चर देऊन इतका कधीच पोचवू शकले नसते.

मुख्य पाठ म्हणून जोनाथन स्विफ्ट या लेखकाचा 1729 चा 'अ मॉडेस्ट प्रपोजल' हा निबंध आहे, आयर्लंडच्या गरिबांची पोरं वर्षाची झाली की श्रीमंतांच्या जेवणाला विका असं सुचवणारा. तिकडच्या कॉमन कोरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या सामायिक शालेय निकषांत, अकरावी-बारावीला हेच अपेक्षित आहे, लेखक उघड काय म्हणतो आणि त्याला खरं काय म्हणायचंय ते वेगळं ओळखायचं, म्हणून हा निबंध तिथे जिकडेतिकडे दिसतो. पॅकमध्ये पूर्ण मजकूर दिलाय. प्राथमिक मराठीतून आणि पाचवीपासून इंग्लिश मिडियम, अशा पोरांना ती तीनशे वर्षांपूर्वीची अर्धा पान लांब वाक्यं झेपत नाहीत, मी सुरुवात, पोरांच्या मटणाचा पॅरा आणि हिशेबाचा पॅरा एवढंच दिलं. हिशेबाचा पॅरा सोडू नका. एक लाख वीस हजार मुलं, त्यातली वीस हजार पैदाशीसाठी ठेवायची, बाकी एक लाख विक्रीला, आणि हे सगळं सरकारी अहवालाच्या शांत सुरात. पोरं विचारतात हा माणूस खराच असा होता काय, तिथे थांबायचं आणि सांगायचं की हा बोलणारा म्हणजे स्विफ्ट नव्हे, त्याने उभा केलेला एक समाजसेवक आहे. पॅकमध्ये यावर एक ओळ आहे फक्त. एक आख्खं वर्कशीट हवं होतं, कारण पुढे पोरं स्वतः लिहायला बसली की सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, दोन ओळी सोंगाच्या आवाजात आणि तिसऱ्या ओळीला एकदम शाळेतला निबंध, "आपण सर्वांनी पर्यावरण वाचवले पाहिजे".

स्लाइड्समधली उदाहरणं मी सरळ काढून टाकली. प्रॉम, कॅफेटेरियातला पिझ्झा, फुटबॉलचा कोच, आमच्या पोरांना यातलं नॉर्मल काय तेच माहीत नाही तर वाकडं काय ते कसं कळणार? त्याजागी आमच्या गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांची गर्दीची चित्रं लावली, कोणालाही न दुखावता टोचणारी. लिहायला विषय दिले पणजीचे खोदलेले रस्ते, मांडवीतले कसिनो, किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणारे टुरिस्ट. एका मुलीने रेंटच्या जीपवाल्यांसाठी माहितीपुस्तिका लिहिली, भरतीची वेळ बघू नये, समुद्र स्वतःहून गाडी धुऊन देतो. वाह!

आता प्रेझेंटेशन. इथे पॅक अगदीच लंगडा. मार्कांच्या तक्त्यात आय कॉन्टॅक्ट, आवाज, आत्मविश्वास, म्हणजे कुठल्याही इलोक्युशनला चालेल तेच. सटायर सादर करताना खरी पंचाईत असते ती चेहऱ्याची. गावच्या काल्यात, म्हणजे जत्रेतल्या लोकनाट्यात, संकासुराचं तोंड काळ्या कापडात झाकलेलं असतं, त्याला आतून हसू आलं तरी कोणाला दिसतंय, इथे पोरगा उघड्या तोंडाने मित्रांसमोर उभा असतो आणि स्वतःच्याच तिसऱ्या वाक्याला फिस्कन हसतो की सगळं पडलं. मी त्या पोराला बातम्या वाचणाऱ्यासारखा बसवला, समोर टेबल, हातात कागद, आणि सांगितलं वर्ग हसला तर कागदाकडे बघ, हशा ओसरला की पुढची ओळ. जमलं त्याला. एक मुलगी तर शाळेच्या नोटिशीच्या भाषेत लिहून आली, टॉयलेटमधलं पाणी सोमवारपासून पूर्वपरवानगीने, अर्ज तीन प्रतीत, तातडीच्या प्रकरणी पालकांची सही, आणि इतक्या सपाट आवाजात वाचलं की मागच्या बाकावरचा एकजण वहीत उतरवून घेत होता.

मार्कांचा तक्ता मी बदलला. 'क्रिएटिव्हिटी 10' याला काय अर्थ आहे, दहापैकी सात क्रिएटिव्ह म्हणजे काय? त्याऐवजी ऐकणाऱ्यांनी चिठ्ठीवर लिहायचं की टार्गेट कोण होतं. चिठ्ठ्या आणि लिहिणाऱ्याचं पान जुळलं तर मार्क. हसवलं भरपूर पण चिठ्ठ्या दहा दिशांना गेल्या असे पण ग्रुप निघाले.

दोन कटकटी अजून. पानं अमेरिकन लेटर साइजची आहेत, एफोरपेक्षा थोडी रुंद, झेरॉक्सवाल्याला फिट टू पेज सांगितलं नाही तर उजवीकडची अक्षरं कापली जातात. आणि लॅबच्या जुन्या पीसीवर स्लाइड्सचे फॉन्ट उडतात, घरीच पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर न्या. बदल करता येणारी फाइल वेगळी विकतात, ती घेऊ नका, मार्कांचा तक्ता तुम्हाला नाहीतरी स्वतःच लिहावा लागणार आहे.