४७ तासांचं घड्याळ: एका क्लॅनमधले माझे अकरा महिने

शनिवारी पहाटे २ वाजून १० मिनिटांनी माझा फोन बंद पडला. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये आमच्या क्लॅनचं, म्हणजे गटाचं, दुसऱ्या क्लॅनशी वॉर चालू होतं. ते संपायला ४० मिनिटं उरली होती, माझा दुसरा अटॅक शिल्लक होता आणि आम्ही एका स्टारने, म्हणजे एका गुणाने, मागे होतो. मला नाइट होती. दोन ते तीनच्या दरम्यान लॅबमध्ये सॅम्पल कमी येतात, म्हणून तो अटॅक मी मुद्दाम त्या वेळेसाठी राखून ठेवला होता. बॅटरी फुगलीय हे मला माहीत होतं, फोनची पाठ उचललेली दिसत होती. पण चालतोय तोवर चालवू, दिवाळीनंतर बघू, असं म्हणत दोन महिने काढले. चार्जर लावला, बटण दाबून धरलं, काही उपयोग झाला नाही.

सकाळी परळहून भांडुपला घरी आले, नवऱ्याच्या फोनवर गेम टाकला, ईमेलवर आलेला कोड भरून सुपरसेल आयडीने, म्हणजे गेमच्या खात्याने, आत गेले. माझं गाव जागेवर होतं, क्लॅन नव्हता. मला किक केलं होतं, म्हणजे क्लॅनमधून काढलं होतं. खाली लीडरची एक ओळ: ‘दोन्ही अटॅक नाहीत तर किक, नियम सगळ्यांना सारखा.’ ना फोन, ना विचारपूस. एल्डर, म्हणजे साध्या मेंबरच्या वर, होते, ते गेलं. या सीझनमध्ये ४,२६० डोनेशन, म्हणजे इतरांना दिलेली फौज, झालं होतं, तेही शून्यावर आलं. आणि ते वॉर आम्ही त्याच एका स्टारने हरलो.

म्हणून हा अनुभव लिहायला बसले. क्लॅश ऑफ क्लॅन्स काय आहे, टाऊन हॉल किती, हीरो कोणते, हे वाचणाऱ्यांना माहीत असणार. मी लिहितेय ते क्लॅनमध्ये राहण्याबद्दल.

पहिलं दीड वर्ष मी एकटीच खेळले. क्लॅनमध्ये जायला गावातला पडका क्लॅन कॅसल आधी दुरुस्त करावा लागतो, त्याला १० हजार गोल्ड लागतं आणि ते मला भिंतींसाठी हवं होतं. या गेममध्ये मी एक रुपया टाकलेला नाही, टाकणारही नाही, त्यामुळे गेममधलं गोल्डही मी घरखर्चासारखंच जपून वापरते. अनोळखी पन्नास जणांत जाऊन आपल्याला काय मिळणार, हा हिशोब तेव्हा जमत नव्हता. एकट्याने खेळायचं म्हणजे बिल्डर लावायचे, कलेक्टर रिकामे करायचे, दोन अटॅक मारायचे आणि फोन ठेवायचा. चार दिवस उघडला नाही तरी कुणाचं काही अडत नाही. दीड वर्षाने कंटाळून शेवटी कॅसल दुरुस्त केला आणि वर्णनात मराठी दिसली म्हणून या क्लॅनमध्ये शिरले.

पहिल्या रात्री ट्रूप्स मागितले. ‘कोणतेही चालतील’ असं लिहिलं. दोन मिनिटांत कुणीतरी बेबी ड्रॅगन दिला. बेबी ड्रॅगनची जागा १० असते, म्हणजे माझा नवा कॅसल त्याने एकट्याने पूर्ण भरून दिला होता, आणि मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझा एक फसलेला अटॅक कुणीतरी रिप्लेमध्ये पूर्ण बघितला आणि चॅटवर लिहिलं, ‘ताई, क्वीन उजवीकडून सोडायची होती, एअर डिफेन्स तिकडे होता.’ दीड वर्षात माझा अटॅक दुसऱ्या माणसाने पाहिल्याची ती पहिली वेळ. कुणीतरी तीन मिनिटं खर्च करून आपली चूक नीट बघतं, तेव्हा पुढचा अटॅक आपणही मन लावून मारतो. दोन महिन्यांत माझे थ्री स्टार, म्हणजे समोरचं गाव पूर्ण पाडलेले अटॅक, वाढले ते याच मुलांमुळे.

ही मुलं म्हणजे इचलकरंजीचा लीडर, वय चोवीस. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतला एक, तोही माझ्यासारखा शिफ्टवाला. दुबईत साइटवर असलेले दोघे सख्खे भाऊ. लातूरची एक कॉलेजातली मुलगी, जिच्याइतकं चांगलं लाव्हालून (लाव्हा हाउंड आणि बलूनचा हवाई अटॅक) मी कुणाचं पाहिलेलं नाही. सगळे मला ताई म्हणतात. यांपैकी एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेले नाही. पण नाइटला तीन वाजता सेंट्रिफ्यूज फिरत असताना चॅट उघडलं की सातपूरवाला जागा असतो. ‘आहात का ताई?’ ‘आहे रे.’ बाकी विशेष बोलणं होत नाही. तेवढ्यावर रात्र हलकी जाते.

ऑनलाइन गेममधले क्लॅन काही सुपरसेलने शोधलेले नाहीत. १९९६ च्या क्वेकपासून खेळणारे आपापले क्लॅन बांधत आले. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, त्यात सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांना ४० जण एकाच वेळी ऑनलाइन लागायचे, तेही तासन् तास. ज्याला संसार आहे आणि ड्युटी आहे, त्याने त्यात कसं जायचं? हेलसिंकीच्या सुपरसेलने २०१२ मध्ये हा गेम काढला आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यात क्लॅन वॉर आणलं. त्यांनी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट म्हणजे सगळ्यांनी एकत्र हजर असण्याची अट काढली. बॅटल डे २४ तासांचा असतो. प्रत्येकाला दोन अटॅक, एक अटॅक तीन मिनिटांचा. स्लो लोकलमध्ये कांजूरमार्ग सोडलं की विक्रोळी यायच्या आत एक अटॅक साधारण बसतो. बसायला जागा मिळाली तर, कारण उभं राहून एका हाताने ड्रॅगन सोडता येतात, पण रेज स्पेल वेळेवर पडत नाही.

आणि ते दोन अटॅक फक्त तुमचे. लीडर कितीही भारी असला तरी तुमच्या वाटचे अटॅक तो मारू शकत नाही. तुम्ही नाही मारले तर ते वाया जातात. समोरच्या प्रत्येक बेसवर, म्हणजे गावावर, सगळ्यांत चांगला ठरलेला अटॅकच धरला जातो, त्यामुळे माझ्यासारख्या मधल्या नंबरच्या माणसालाही काम असतं. वरच्या कुणाचा टू स्टार झाला की तो बेस साफ करायला आम्ही जायचं. स्टार बरोबरीत सुटले तर नाशाच्या टक्केवारीवर निकाल लागतो, म्हणून एखादी कोपऱ्यातली झोपडी राहिली तरी हळहळ वाटते. पंधरा जणांच्या वॉरमध्ये मी सात-आठ नंबरला असते. मी नसले तर दोन अटॅक कमी होतात, हे आकड्यात दिसतं. घरी आणि कामावर आपण असतोच, म्हणून कुणी मोजत नाही. इथे मोजतात. मला क्लॅनची ओढ लागली ती यामुळे.

गणपतीत निम्मा क्लॅन लाल होतो, म्हणजे वॉरमधून नाव काढून घेतो. यंदा आम्ही कसेबसे दहा जण उरलो. त्यातला एक देवगडकडे गावी होता, घरात रेंज नव्हती. तो आरती झाल्यावर सडा चढून गेला, वर पावसात छत्रीखाली उभं राहून दोन्ही अटॅक मारले आणि खाली उतरला. चॅटवर फक्त ‘झाले’ एवढं लिहिलं. आम्ही ते वॉर जिंकलो.

आता दोषाकडे येते. दोष एकच आहे आणि मी अकरा महिने त्यावरून भांडतेय. वॉर लावलं की २३ तास तयारीचे आणि २४ तास बॅटलचे. बेरीज ४७. अठ्ठेचाळीस का नाही? आमचा लीडर एक वॉर संपलं की त्याच मिनिटाला दुसरं शोधायला टाकतो. त्यामुळे प्रत्येक वॉर आधीच्यापेक्षा एक तास लवकर संपतं. रविवारी रात्री दहाला संपलेलं वॉर मंगळवारी नऊला, पुढचं गुरुवारी आठला, असं सरकत सरकत ते दुपारी येतं, मग सकाळी, मग पहाटे. वॉरमधले शेवटचे दोन तास सगळ्यांत महत्त्वाचे. कोणता बेस राहिला, कुणाचा अटॅक शिल्लक आहे, ते तेव्हाच कळतं. ते दोन तास माझ्या ड्युटीत येतात, स्वयंपाकात येतात, झोपेत येतात. शोध सुरू करताना जो हिरवा असेल त्याचं नाव पक्कं होतं, नंतर लाल करून फायदा नाही. मी कितीदा लिहिलं, ‘बाबा रे, एक तास थांब, मग लाव. दरवेळी रात्री दहाला संपू दे.’ त्याचं उत्तर ठरलेलं: ‘ताई, थांबलं की माणसं पांगतात.’

वॉर लीगमध्ये हा त्रास होत नाही. तिथे सात दिवस, आठ क्लॅन, रोज प्रत्येकी एक अटॅक, आणि वेळ आठवडाभर जागची हलत नाही. २०१८ पासून लीग आहे. मला महिन्यातला तो आठवडा सर्वांत आवडतो.

तर शनिवारचं वॉर पहाटे २:५० ला संपण्याचं कारण हे सरकतं घड्याळ. मग शिक्षा मला का? ज्या लीडरला एक तास थांबता येत नाही, त्याला अकरा महिने दोन्ही अटॅक मारणाऱ्या माणसासाठी एक सकाळही थांबता येऊ नये? असा क्लॅन कुणी जॉइन करू नये, असंच माझं मत आहे.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं. आज बुधवार आहे. वरचं काही खोडत नाही, पण पुढचंही लिहायला हवं.

सोमवारी फोन दुरुस्त केला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीबरोबर मागचं पॅनलही बदलावंच लागेल म्हणाले, २,९०० रुपये. फक्त बॅटरी बदला म्हटलं तर तसं करत नाही म्हणाले. अर्धा तास वाद घातला आणि फोन उचलून बाहेर पडले. स्टेशनबाहेरच्या दुकानात ५० मिनिटांत नवी बॅटरी बसली, १,१५० रुपये, पॅनल जुनंच, व्यवस्थित चिकटवून दिलं. फोन सुरू झाल्यावर बघते तर लातूरच्या मुलीचे सात मेसेज आणि लीडरचे चार मिस्ड कॉल, पहिला शनिवारी सकाळी सातचा. म्हणजे विचारपूस केली नाही हे माझं चुकीचं होतं. त्याने केली होती, माझा फोन मेलेला होता.

मी फोन लावला. अकरा महिन्यांत आम्ही पहिल्यांदा बोललो. तो म्हणाला, ‘ताई, जूनमध्ये त्या पोराला काढला तेव्हा तुम्हीच लिहिलं होतं, कारण काही असो, नियम सगळ्यांना सारखा. आता तुम्हाला ठेवलं असतं तर त्याला काय तोंड दाखवू?’ मी तसं लिहिलं होतं. त्या मुलाचीही काही अडचण असेल, ती मी विचारली नव्हती. हे मला फार लागलं आणि मी ते त्याच्याजवळ कबूल केलं.

मग मी एक तासाचा विषय काढलाच. या वेळी त्याने पूर्ण उत्तर दिलं. ‘रात्री दहा तुम्हाला बरं. दुबईत तेव्हा साडेआठ, ते दोघं साइटवरून परतीच्या बसमध्ये असतात. सातपूरवाल्याला सेकंड असली की मशीनवरून हलता येत नाही. एक वेळ कायमची धरली तर तेच तेच दरवेळी मरतात. घड्याळ फिरतं म्हणून वाईट वेळ सगळ्यांच्या वाट्याला येते. तुमच्या वाट्याला आली की तुम्ही लिहिता, ते लिहीत नाहीत.’

मला लगेच काही बोलता आलं नाही. लॅबचा ड्युटी चार्ट दर महिन्याला मीच काढते. कायमची मॉर्निंग द्या म्हणून दर महिन्याला कुणीतरी माझ्या टेबलाशी येतं, प्रत्येकाचं कारण खरं असतं, आणि सहा वर्षं मी प्रत्येकाला सांगतेय की फिरती ड्युटी म्हणजे फिरती, एकाला कायमची मॉर्निंग दिली तर दुसऱ्याला कायमची नाइट पडते. त्यावरून माझं लोकांशी वाकडंही आलंय. आणि इथे मी अकरा महिने कायमची मॉर्निंगच मागत होते.

त्यामुळे ४७ तासांबद्दलचं माझं मत बदललं. दरवेळी तासभर थांबून ४८ करावेत असं मी आता म्हणणार नाही. सलग वॉर लावली तर २४ वॉरमध्ये, म्हणजे ४७ दिवसांत, घड्याळ पूर्ण फिरून जागेवर येतं. एवढ्यात सगळ्यांचं बरंवाईट होऊन जातं.

एक तक्रार मात्र कायम आहे. फिरती ड्युटी चालते ती चार्ट आधी भिंतीवर लागतो म्हणून. आमच्या क्लॅनमध्ये पुढचं वॉर कधी संपणार हे कुणी सांगतच नव्हतं, ज्याने त्याने बोटं मोजायची. काल ड्युटीला जायच्या आधी बसून मी पुढच्या २४ वॉरचा तक्ता केला, आमच्या लॅबच्या चार्टसारखाच. वॉर क्रमांक, बॅटल कधी सुरू, कधी संपणार, बाजूला दुबईची वेळ. प्रतिस्पर्धी सापडायला कधी दोन मिनिटं लागतात कधी पंधरा, म्हणून दर रविवारी तो दुरुस्त करावा लागेल, ते मी करीन. ग्रुपवर टाकल्यावर सातपूरवाल्याने त्यावर आपल्या शिफ्ट लिहून परत पाठवला. दुबईच्या मोठ्या भावाने लिहिलं, ‘ताई, हे आधी का नाही केलंत?’ आणि लीगचा आठवडा कोणत्या वेळेला सुरू करायचा यावर यापुढे आधी मत घ्यायचं, हे लीडरने मान्य केलं, कारण तिथे चुकीची वेळ धरली तर ती सात दिवस मानगुटीवर बसते.

काल संध्याकाळी मी पुन्हा आत आले. साधी मेंबर. एल्डर परत दे असं मी म्हटलं नाही, त्यानेही विषय काढला नाही. डोनेशन शून्यापासून सुरू झालं, आत्तापर्यंत ३१० झालंय. जूनमध्ये काढलेल्या मुलाचा नंबर लीडरकडून घेतलाय, त्याला आज फोन करणार आहे.

रात्री १२:५० ला लागलेल्या वॉरमध्ये माझं नाव आहे, सात नंबर. बॅटल आज रात्री ११:५० ला सुरू होईल. या आठवड्यात मला आफ्टरनून आहे, साडेदहाला घरी पोचते. पहिला अटॅक जेवण झाल्यावर. दुसरा उद्या सकाळी, फोन शंभर टक्के चार्ज करून.