दातांच्या दवाखान्यातला युरोप : ब्रसेल्सचं ‘हाउस ऑफ युरोपियन हिस्टरी’

आधी कामाचं सांगते. ब्रसेल्समध्ये युरोपियन संसदेला लागूनच लिओपोल्ड पार्क आहे, त्यात हे संग्रहालय. प्रवेश फुकट. सोमवारी मात्र दुपारी एकला उघडतं. इमारत मूळची गरीब मुलांच्या दातांचा दवाखाना. कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनच्या देणगीतून 1930च्या दशकात उभी राहिलेली. तिचं संग्रहालय झालं 2017 साली.

वस्तूंशेजारी माहितीच्या पाट्या नाहीत. हातात टॅब्लेट देतात, त्यावर युरोपियन संघाच्या 24 अधिकृत भाषांपैकी हवी ती निवडायची. आमच्या ह्यांना पाटी नाही म्हणजे प्रदर्शनच नाही असं वाटतं, ते लवकरच खाली कॅफेत जाऊन बसले. मला पटलं. चोवीस भाषांत पाट्या लावल्या असत्या तर मागची वस्तू दिसली असती का?

कायमचं प्रदर्शन दुसऱ्या मजल्यापासून सुरू होतं. बैलावर बसलेल्या युरोपाच्या ग्रीक कथेपासून क्रांत्या, कारखाने, वसाहती असं करत दोन महायुद्धांपर्यंत. तो भाग जड आहे, घाईत उरकू नका. आणि वरच्या मजल्यांसाठी पायांत बळ राखून ठेवा, कारण संघ तिथे जन्माला येतो.

माझी नोकरी मंत्रालयात, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. करार, कलमं, बैठकीचे कार्यवृत्त यांत मी रमते, म्हणून थोडं वाचून गेले होते. तुम्हीही तसंच करा. नुसते करार आणि ध्वज बघून काही हाती लागत नाही, त्यामागची गंमत माहीत हवी.

उदाहरणार्थ, ज्याने सहा देशांचा युरोपियन आर्थिक समुदाय, म्हणजे आजच्या संघाचा पूर्वज, उभा राहिला त्या रोमच्या करारावर 25 मार्च 1957ला सह्या झाल्या तेव्हा मजकुराची छपाई पुरी झाली नव्हती; मंत्र्यांपुढच्या बाडात बहुतेक पानं कोरी होती. आमच्याकडे कोऱ्या कागदावर सही घेतली असती तर विभागीय चौकशी लागली असती! त्याच कराराच्या कलम 227मध्ये अल्जीरियाचं नाव आहे, कारण तेव्हा तो फ्रान्सचा भाग मानला जाई. म्हणजे या युरोपची हद्द सहाराच्या वाळूपर्यंत होती. 1962 साली अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि तो अध्याय संपला. ग्रीनलँड 1973 साली डेन्मार्कबरोबर समुदायात आला, 1982 साली जनमत घेतलं आणि 1985मध्ये बाहेर पडला. तंटा मुख्यतः मासेमारीचा. ब्रेक्झिटच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

माझा सगळ्यात आवडता प्रसंग मात्र 1965चा. शेतीचा खर्च कसा भागवायचा आणि निर्णय बहुमताने घ्यायचे का, यावरून राष्ट्राध्यक्ष द गॉलच्या फ्रान्सने समुदायाच्या मंत्र्यांच्या बैठकांना जाणंच सोडलं. सात महिने खुर्ची रिकामी. जानेवारी 1966मध्ये लक्झेंबर्गला समझोता झाला, तो असा : महत्त्वाच्या हितसंबंधांच्या बाबतीत एकमत झालंच नाही तर काय करायचं, याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, अशी सहाही देशांनी मिळून नोंद केली. करारात एक अक्षर न बदलता त्या नोंदीच्या आधारे पुढे कित्येक वर्षं नकाराधिकार चालला. ज्याने तो मसुदा लिहिला त्या अधिकाऱ्याला माझा नमस्कार.

फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचीही कथा तशीच. युरोपियन संसदेने वर्षातली 12 अधिवेशनं तिथेच घ्यायची, हे कराराच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय. खासदारांनी ऑक्टोबरची दोन अधिवेशनं एकाच आठवड्यात उरकायचं ठरवलं, तर फ्रान्स न्यायालयात गेला आणि डिसेंबर 2012मध्ये जिंकला. मग दर महिन्याला फायलींच्या पेट्या ब्रसेल्सहून निघतात. संसदेचं सचिवालय अधिकृतपणे तिसरीकडेच, लक्झेंबर्गला.

पाचपैकी चार तारे. एक राखून ठेवला, कारण इथला भर इतिहासावर आहे आणि माझा जीव कामकाजात. प्रस्ताव कोण मांडतं, दुरुस्त्या कुठे होतात, हे बघायला पलीकडच्या पार्लामेंटारियममध्ये, म्हणजे संसदेच्या अभ्यागत केंद्रात, जा. तेही फुकटच आहे. पण दोन्ही एकाच दिवशी करू नका. टॅब्लेट धरून मान अवघडते, आणि कॅफेत बसलेलं माणूस किती वेळ वाट बघणार?