वागळे इस्टेटमधली जुनी शेड: जपावी की पाडून नवी बांधावी?

ठाण्यातली वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या बंद शेडमध्ये वाचनालय, तालमीची जागा, बचत गटांचा बाजार असं काही करायचं ठरलं की वाद भिंतींवरून सुरू होतो. भिंती शेवटी बघाव्यात. आधी छप्पर आणि जमीन. (भूखंड भाडेपट्ट्याचा असतो, त्यामुळे वापरबदलाची परवानगी दोन्ही वाटांनी लागतेच.)

छपरावर बहुधा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पत्रा असतो. शेड जपा किंवा पाडा, तो उतरवावाच लागतो: पाण्याने भिजवून, जे-बोल्ट (पत्रा धरणारे आकडे) कापून, न फोडता, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात. भंगारवाल्याला देऊ नये. हा खर्च दोन्हीकडे सारखाच, म्हणून तुलनेत धरू नका.

शेड जपली तर वर रंगीत लोखंडी पत्रा येतो. जुना पत्रा चौरस मीटरला साधारण १६ किलो, नवा अर्ध्या मिलिमीटरचा जेमतेम ५. वजन घटलं म्हणून सगळे खूश होतात, आणि इथेच फसतात. वादळात वारा छप्पर वर ओढतो, तेव्हा जुनं वजनच ते धरून ठेवत होतं. हलक्या छपरात कैचीचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्याचा) खालचा दांडा, एरवी ताणात असणारा, दाबात येतो आणि सडपातळ असल्यामुळे बाजूला वाकतो. तेव्हा वाऱ्याचा हिशेब नव्याने मांडून घ्या आणि खालच्या दांड्यांना आडवे टेकू द्या. कॉलमचा तळचा फूटभर भाग खरवडून जाडीमापक लावा. पाणी तिथेच साचतं, गंज तिथेच खातो. पत्र्याखाली ५० मिमी रॉकवूल (आवाज शोषणारा दगडी लोकरीचा थर) हवंच, नाहीतर जुलैत कार्यक्रमात माईकही ऐकू येणार नाही. पोटमाळा हवा असेल तर त्याचे कॉलम आणि पाया वेगळे घ्या, कैचीला काही टांगू नका.

पाडून बांधलं तर मजले वाढतात, शौचालयं हवी तिथे येतात, अग्निशमनाचे जिने सोपे जातात. पण जुनी शेड अनेकदा हद्दीला चिकटून असते; नव्या इमारतीला चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे तळमजला आक्रसतो. शिवाय मध्ये खांब नसलेलं १५ मीटरचं दालन काँक्रीटमध्ये करायला खोल तुळया आणि भरपूर पैसा लागतो. जुन्या कैच्यांनी ते आधीच देऊन ठेवलेलं असतं. जुन्या शेडचं जोतं मात्र उंच असतं: ९०० मिमी असेल तर १:१२ उताराला १०.८ मीटर लांब रॅम्प, मधला विसावा वेगळा. त्याची जागा नकाशात आधीच राखा.

कैच्या धड असतील तर आमचं मत शेड जपण्याकडे, आणि जमीन ते पक्कं करते. तिथे प्लेटिंग (धातूवर मुलामा चढवणं) किंवा तेलाचं काम झालं असेल तर चार-पाच ठिकाणी दोन मीटर खोल नमुने घेऊन क्रोमियम आणि तेल तपासा. नव्या पायासाठी खणलं की दूषित माती वर येते आणि तिची विल्हेवाट तुमच्या गळ्यात पडते. जुन्या शेडमध्ये, प्रदूषण भूजलात उतरत नसल्याची खात्री झाली, तर ती माती नव्या कोब्याखाली झाकून ठेवता येते. बाहेरच्या अंगणात हा उपाय चालत नाही. तिथली वरची माती बदलल्याशिवाय मुलांच्या खेळाला जागा देऊ नका.