यूएसबी स्पेक्ट्रोमीटर: दिवा टाकून द्या, डबा ठेवा

आमच्या नाशिकच्या कॉलेजात एमएस्सीच्या पोरांसाठी हा डबा, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर, १८,००० रुपयांना मागवला. चार महिने वापरून झाल्यावर लिहितोय.

आल्या आल्या लॅबमधल्या जुन्या सीएफएलसमोर धरला. पाऱ्याची हिरवी रेषा ५४६.१ नॅनोमीटरला दिसायला हवी, याने ५४९ दाखवली. निळी ४३५.८ ची रेषा सोबत घेऊन कॅलिब्रेशन केलं, विषय संपला. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय झकास आहे.

खरा वैताग सोबत आलेल्या दिव्याचा. पांढरा एलईडी! त्याच्या प्रकाशात ४८० च्या आसपास खड्डाच असतो, आणि आमच्या सगळ्यात बारीक कॅडमियम सेलेनाइड क्वांटम डॉट्सचं (काही नॅनोमीटरचे स्फटिक-कण) पहिलं शोषण-शिखर (शोषणाच्या आलेखात लांब तरंगलांबीकडून पहिला उंचवटा) ४९० ला, म्हणजे त्या खड्ड्याच्या काठावरच. आलेख नुसता थरथरायचा. आठवडाभर मी पोरांच्याच हातावर संशय घेतला, बिचारी. शेवटी नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून मोटरसायकलचा १२ व्होल्टचा हॅलोजन बल्ब आणला आणि शिखर लख्ख दिसलं. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की डॉटच्या दोन ऊर्जापातळ्यांमधलं अंतर इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये मिळतं. १२४० ला ४९० ने भागा: २.५३ इलेक्ट्रॉनव्होल्ट. जास्त वेळ तापवलेल्या, म्हणून मोठे कण असलेल्या कुपीचं शिखर ५५० ला, म्हणजे २.२५. याच पदार्थाचा मोठा स्फटिक घेतला तर १.७४. कण वाढला की अंतर घटतं, हे फळ्यावर दहा वेळा लिहूनही जे डोक्यात शिरत नव्हतं ते पाच कुप्यांत शिरलं. (कॅडमियम आहे, सिंकमध्ये ओतू नका. आमच्याकडे वेगळी बरणी आहे.)

पेटीवर मात्र ‘क्वांटम डॉटच्या ऊर्जापातळ्या मोजा’ असं छापलंय, ते मला पटलेलं नाही. शोषणातून दोन पातळ्यांमधलं अंतर मिळतं, तेही इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन वर गेल्यावर मागे उरलेली धन जागा) यांच्या आपसातल्या ओढीने थोडं कमी झालेलं. पातळी कुठे आहे ते कळत नाही. गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की गळ्याला? या डब्यात मारुतीच नाही, म्हणजे पातळी कशावरून मोजायची ती खूणच नाही. पातळी शोधायला सायक्लिक व्होल्टामेट्री (व्होल्टेज वर-खाली करत वीजप्रवाह मोजायची पद्धत) लागते, ते यंत्र वेगळं, खर्चही वेगळा.

पाचपैकी साडेतीन तारे. दिव्याबद्दल विक्रेत्याला आलेखासकट मेल केला होता. उत्तर आलं: ‘कृपया संगणक रीस्टार्ट करून पाहा.’