नवं फायबर, जुने आकडे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फायबर इंटरनेटचं कनेक्शन चांगलं आहे, मी ते सोडणार नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही मार्चमध्ये ते बसवलं तेव्हा पहिले अडीच दिवस माझ्या डेस्कटॉपवर इंटरनेट आलंच नाही. मोबाइल सुसाट चालत होता आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पीसी ढिम्म. जुनं सोडून नवं घेणाऱ्या बऱ्याच घरांत हेच होत असणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी सांगलीत घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळीच्या तोंडावर एखादा अंक. प्रेसला दीडदोनशे एमबीच्या पीडीएफ पाठवाव्या लागतात. नऊ वर्षं गल्लीतल्या केबलवाल्यांचं नेट होतं. गच्चीवरच्या पेटीतून एक निळी वायर खिडकीतून थेट पीसीच्या पाठीत. महिन्याला साडेचारशे रुपये, रोख. लाइट गेली की गच्चीवरचा स्विचही झोपायचा, आणि फाइल ऐंशी टक्क्यांवर लटकायची. एका अहवालाच्या वेळी असं तीनदा झालं, तेव्हा फायबरचा अर्ज भरला.

बसवायला आलेला मुलगा हुशार होता. भिंतीला भोक, पातळ काळी केबल (तिच्या आतल्या काचेच्या तंतूतून प्रकाशाने नेट येतं), तिच्या टोकाला पांढरा डबा. त्याला ओएनटी म्हणतात. माझ्या मोबाइलवर वाय-फाय जोडून स्पीड दाखवला, ९६ एमबीपीएस. ओटीपी घेतला. "पीसीला ही वायर लावा काकू, आपोआप चालेल," म्हणाला आणि जिना उतरलासुद्धा.

वायर लावली. खाली उजव्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र आणि 'नो इंटरनेट'. डबा बंद-चालू केला, पीसी बंद-चालू केला, वायर या भोकातून त्या भोकात. कस्टमर केअरचं एकच पालुपद: "मॅडम, तुमची लाइन आमच्याकडे अप दिसतेय." दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा आला, पीसीकडे पाच मिनिटं बघून म्हणाला, विंडोज फॉरमॅट मारा. माझ्या पीसीत नऊ वर्षांच्या फायली आणि जुन्या फॉन्टचं डोंगल, म्हणजे ते फॉन्ट चालवणारी किल्ली. फॉरमॅट म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. जुन्या केबलवाल्यांना फोन केला तर, "वहिनी, आमची लाइन आम्ही काढली, आता त्यांना विचारा." त्यांचंही बरोबरच आहे म्हणा.

शेवटी रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, तू आधी डब्यावरचे दिवे वाचून दाखव." पॉवर हिरवा, पॉन (कंपनीशी जोडणी झाल्याचा) हिरवा आणि स्थिर, एलओएस (प्रकाश येत नसल्याचा लाल दिवा) बंद. "म्हणजे बाहेरून प्रकाश येतोय. आता स्टार्टमध्ये सीएमडी टाईप कर, काळी खिडकी उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग लिहून एंटर मार. आयपीव्ही४ समोर काय दिसतंय?"

मी वाचलं: १०.२०.४.५७.

"आणि मोबाइलमध्ये, वाय-फायच्या नावावर दाबून बघ."

१९२.१६८.१.६.

तो हसायलाच लागला. झालं असं होतं: नऊ वर्षांपूर्वी केबलवाल्यांच्या माणसाने हे आकडे माझ्या पीसीत हाताने भरले होते. त्यांच्या जाळ्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला ठरलेला नंबर असायचा. नव्या डब्याची रीत वेगळी. तो ज्याला त्याला आपणहून १९२.१६८.१ ने सुरू होणारा नंबर वाटतो, मोबाइलने तो मुकाट घेतला. पीसीला मात्र कुणी विचारायलाच सांगितलं नव्हतं, तो आपला जुना नंबर धरून बसलेला. माझ्या भाषेत सांगायचं तर कागद ए-फोर आला आणि मास्टर पेज, म्हणजे पानाचा साचा, जुन्या डेमी मापाचंच राहिलं. मग डबा चौदा वेळा बंद-चालू करून काय होणार? हाताने भरलेले आकडे रीस्टार्टने पुसले जात नाहीत.

दुरुस्ती दोन मिनिटांची. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबायची, चौकटीत एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल लिहायचं. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ वर डबल क्लिक, आणि वरच्या भागात 'ऑटोमॅटिकली' हा पर्याय. बदलण्याआधी आहेत त्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भाच्याने मला आठवणीने काढायला लावला. आता १९२.१६८.१.९ मिळाला. (त्या जागी १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला तर पीसीने हाक मारली पण डब्याचं उत्तर आलं नाही असं समजायचं. आधी वायर नीट बसली आहे का बघायचं.)

मी आनंदाने ब्राउझर उघडला. एकही साइट उघडेना.

या टप्प्यावर मी खरंच रडकुंडीला आले होते. भाचा म्हणाला, काळ्या खिडकीत पिंग, मग जागा सोडून ८.८.८.८ (हा गूगलच्या एका सर्व्हरचा नंबर). केलं, तर लगेच चार ओळी उत्तरं आली. "आता त्याच जागी एखाद्या साइटचं नाव टाक." नाव टाकल्यावर, होस्ट सापडत नाही. म्हणजे रस्ता सुरू होता, फक्त नावावरून नंबर शोधून देणारा जागेवर नव्हता. ते काम डीएनएसचं. मघाच्याच चौकटीत खालच्या अर्ध्या भागात डीएनएसचे आकडे वेगळे भरलेले असतात, आणि वरचा भाग ऑटोमॅटिक केला तरी खालचा जसाच्या तसा राहतो. तिथे केबलवाल्यांच्या स्वतःच्या सर्व्हरचा नंबर होता, तोही १० ने सुरू होणारा, म्हणजे त्यांच्या जाळ्याच्या आतला. नव्या लाइनीवरून तिथे पोचायचं कसं? खालचं बटणही ऑटोमॅटिकवर नेलं, आणि दोन्ही चौकटींवर ओके दाबलं. दुसरं ओके बऱ्याचदा राहून जातं, माझं राहिलं होतं.

एवढं करून ब्राउझर पुन्हा उघडला तर 'पेज उघडू शकत नाही'! पण ही गंमत होती. रोज सकाळी केबलवाल्यांचं लॉगिन पान उघडून पासवर्ड टाकायची सवय, म्हणून तेच पान मी होमपेज करून ठेवलं होतं. ते आता या जगात नव्हतं. शेजारच्या टॅबमध्ये बातम्या छान उघडत होत्या.

अडीच दिवसांत भेटलेल्या चार माणसांपैकी एकानेही ती चौकट उघडून पाहिली नाही, याचा मात्र मला अजून राग आहे. कंपनीची जबाबदारी डब्यापर्यंत, हे मान्य. पण फॉरमॅट मारा हा सल्ला देताना जीभ कशी अडखळत नाही?

आता वापराबद्दल. लाइट गेल्यावरही नेट चालू राहतं, हा सगळ्यात मोठा फरक. या फायबरमध्ये वाटेतल्या खांबावर प्रकाश वाटणारा जो फाटा असतो त्याला वीज लागतच नाही. घरातला डबा जिवंत ठेवला की झालं. तो १२ व्होल्टचा आहे, त्याला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावलाय. पीसी माझ्या जुन्या यूपीएसवर. मे महिन्यातल्या वादळात गल्ली अंधारात असताना मी पत्रिकेची फाइल प्रेसला पाठवली.

जूनमध्ये १०० चा प्लॅन २०० केला. मोबाइलवर १८० च्या पुढे, पीसीवर ९४ ला येऊन अडकायचं. या वेळी मी कुणाला फोन केला नाही. सेटिंग्जमध्ये लिंक स्पीड, म्हणजे पीसी आणि डब्यातल्या वायरीचा वेग, पाहिला: १०००/१००० पाहिजे तिथे १००/१००. डब्यावर चार भोकं असली तरी आमच्या डब्याचं एकच भोक गिगाबिटचं, म्हणजे १००० स्पीडचं आहे, वायर त्यातच होती. मग वायरच उचलून पाहिली. बसवणाऱ्या मुलाने नवी न देता केबलवाल्यांच्याच निळ्या वायरीचा एक तुकडा कापून वापरला होता. पारदर्शक प्लगमधून नीट बघितलं तर आठपैकी चारच तारा आत गेलेल्या, बाकीच्या चार मुळाशी छाटलेल्या. १०० पर्यंत चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कॅट-६ ची तयार वायर आणली आणि आकडा १९० च्या घरात गेला.

जुलैत एकदा एलओएसचा लाल दिवा लुकलुकायला लागला. पावसाने लाइन तुटली असं मी गृहीत धरलं. आलेल्या माणसाने सरकती खिडकी उघडली आणि दिवा विझला! पाऊस आत येतो म्हणून मी खिडकी गच्च ओढून घेतली होती, आणि काळी केबल चौकटीत चेमटली होती. काच तुटली नसली तरी केबल अशी मुडपली की प्रकाश वाटेतच गळतो. त्याने केबल वरून फिरवून दिली, पैसे घेतले नाहीत.

खालच्या मेडिकलवाल्यांनी माझं बघून हेच घेतलं आणि त्यांचा कॅमेरा बाहेरून मोबाइलवर दिसेनासा झाला. त्यांच्या राउटरवर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा होता. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते कंपनी अनेक गिऱ्हाइकांत मिळून वापरते, त्यामुळे बाहेरून थेट आत शिरता येत नाही. ते आता महिन्याला जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतात. तुमचं असं काही असेल तर अर्ज भरण्याआधीच विचारा.

खर्च? जाहिरातीत ५९९, हातात पडतो ७०७, कारण वर १८ टक्के जीएसटी. दुप्पट स्पीडचा त्याहून जास्त. साडेचारशेच्या मानाने अंगावर येतो, पण पावती मिळते आणि ती मला हिशेबात लावता येते.

परवा जुने केबलवाले जिन्यात भेटले. त्यांनीही आता फायबर आणलंय. "वहिनी, या परत." मी विचारलं, पीसीत आकडे हाताने भरणार का? "छे हो, आता सगळं ऑटोमॅटिक." मग म्हटलं, गच्चीवरून लोंबणारी ती निळी वायर तेवढी काढून न्या. हो म्हणाले. अजून लोंबतेय.